पंपावरचा हिशेब



गेल्या हंगामात वजनकाट्याजवळ एका सभासदाने आम्हांला गाठले. म्हणाले, "पेट्रोलात आपलंच इथेनॉल घालतात म्हणता, मग गाडीचं ॲव्हरेज का पडतं? भाव तर काही उतरला नाही!"

त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. लिटरमागे इथेनॉलची ताकद पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश. 20 टक्के मिश्रणावर जुन्या बनावटीच्या दुचाकीचे ॲव्हरेज 3 ते 4 टक्के घटेल, असे नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालातच लिहिले आहे.

हाच हिशेब ब्राझीलचा मोटारवाला पंपावर उभा राहून करतो. तिकडेही ऊसच. तिथल्या बहुतेक मोटारी पेट्रोलवर चालतात, निव्वळ इथेनॉलवर चालतात आणि दोन्ही एकत्र केले तरी चालतात. इथेनॉलचा भाव पेट्रोलच्या 70 टक्क्यांच्या आत असला की टाकीत इथेनॉल. वर गेला की पेट्रोल. ऊसवाल्याची कीव कोणी करत नाही आणि देशप्रेमाचे भाषणही कोणी ऐकत नाही.

पण हे शहाणपण त्यांना ठेच लागून आले. 1973 मध्ये तेल भडकले तेव्हा ब्राझील बहुतेक तेल बाहेरून आणत होता. 1975 साली सरकारने उसापासून अल्कोहोलची योजना काढली, कारखान्यांना कर्जे दिली, पंपावर भाव पेट्रोलपेक्षा बराच खाली ठेवला. लोकांनीही विश्वास टाकला. 1985 च्या सुमारास विकल्या जाणाऱ्या दहा नव्या मोटारींतल्या नऊ निव्वळ अल्कोहोलच्या होत्या.

पुढे तेल स्वस्त झाले, साखरेला बाहेर भाव आला, कारखाने साखरेकडे वळले. 1989 मध्ये पंप कोरडे पडले. मोटारवाल्यांच्या रांगा लागल्या आणि पर्याय काही नाही, कारण इंजिन दुसरे काही पीतच नव्हते! (यात कारखानदारांचा दोष नव्हता असे आम्ही म्हणणार नाही.) मग लोकांनी त्या मोटारींकडे पाठ फिरवली ती 2003 साली दोन्ही इंधनांची मोटार येईपर्यंत.

आपल्याकडेही डिसेंबर 2023 मध्ये पाऊस कमी झाला, साखर कमी पडेल म्हणून केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर एकाएकी बंधन आणले. टाक्या आणि यंत्रसामग्रीसाठी कर्ज काढलेले कारखाने अडचणीत आले. ऑगस्ट 2024 मध्ये बंधन उठले. मोटरसायकलवाल्याला त्याचा पत्ताही लागला नाही, कारण त्याला निवड नव्हतीच.

वजनकाट्यावरच्या त्या सभासदांना आम्ही हे सगळे सांगितले. ते म्हणाले, "म्हणजे तिकडं नळ्या दोन. आमच्या पंपावर एकच. परवडंना झालं की गाडी दारात लावायची आणि एस.टी.ला हात करायचा. तीही वेळेवर आली तर!"