सव्वा महिना आणि पंच्याहत्तर टक्के

लग्नानंतर शिकत राहणे आणि मूल झाल्यानंतर शिकत राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ग्रामीण भागातील मुलींच्या उच्च शिक्षणाची चर्चा करताना फारसे लक्षात घेतले जात नाही. पहिल्या स्थितीत सासरची संमती, फी आणि येण्याजाण्याची सोय हे प्रश्न असतात. दुसऱ्या स्थितीत त्यांच्या जोडीला वेळेचा प्रश्न उभा राहतो आणि तो कोणत्याही शिष्यवृत्तीने सुटत नाही. सोलापूर जिल्ह्याच्या वायव्य टोकाला असलेला करमाळा तालुका हा प्रश्न समजून घेण्यास विशेष उपयोगी आहे, कारण येथे लग्ने लवकर होतात, देवधर्म घराघरांत जागता आहे आणि तालुक्याच्या गावी महाविद्यालयही आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१), वीस ते चोवीस वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी अठरा पूर्ण होण्याआधीच लग्न झालेल्यांचे प्रमाण महाराष्ट्रात २१.९ टक्के आढळले, तर सोलापूर जिल्ह्यात ते ४० टक्क्यांच्या घरात होते. अठराच्या आतील विवाह कायद्याने गुन्हा आहे आणि त्याचा विचार स्वतंत्रपणेच व्हायला हवा. परंतु एकोणीस-वीस वर्षांच्या ज्या सुना कायदेशीर विवाहानंतर पदवीच्या पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षात असताना आई होतात, त्यांच्यासाठी समाजाने आणि विद्यापीठांनी काय योजून ठेवले आहे, हा प्रश्न त्यामुळे टळत नाही.

या प्रश्नाची चर्चा निघाली की दोष बहुधा धर्माच्या माथी मारला जातो. उपासतापास, सणवार, सोवळेओवळे आणि कुळाचार यांत बाईचा दिवस संपतो, मग तिने अभ्यास कधी करावा, असे म्हटले जाते. हे म्हणणे अर्धेच खरे आहे. करमाळ्याच्या धार्मिक जीवनाचे केंद्र म्हणजे गावाबाहेरच्या माळावरील कमलाभवानीचे मंदिर. अठराव्या शतकात रावरंभा निंबाळकरांनी उभारलेले हे देवस्थान तुळजाभवानीचेच रूप मानले जाते, आणि येथील शहाण्णव पायऱ्यांची विहीर दूरदूरच्या लोकांना ठाऊक आहे. अश्विनातील नवरात्रात तालुक्यातील असंख्य घरांत घट बसतात, कार्तिकात देवीची यात्रा भरते, मार्गशीर्षात गुरुवारची लक्ष्मीपूजा असते, संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालते, आणि याच तालुक्यातील केम हे गाव कुंकवाच्या उत्पादनासाठी प्रसिद्ध आहे. महाविद्यालयाचे पहिले सत्र नेमके नवरात्र, दिवाळी आणि यात्रेच्या आसपास परीक्षेला येऊन ठेपते, त्यामुळे ताण येतो हे नाकारता येणार नाही. परंतु या ताणात वाकायला तयार कोण असते आणि अडून कोण राहते, हे तपासले तर उत्तर अपेक्षेहून निराळे निघते.

काशीनाथशास्त्री उपाध्ये यांनी १७९० च्या सुमारास सिद्ध केलेला ‘धर्मसिंधु’ हा व्रते, सण आणि शुद्धाशुद्ध यांचे निर्णय सांगणारा ग्रंथ महाराष्ट्रात आजही प्रमाण मानला जातो, आणि तो याच जिल्ह्यातील पंढरपुरात लिहिला गेला. या ग्रंथाच्या आणि त्याआधीच्या निबंधग्रंथांच्या, म्हणजे धर्मशास्त्रातील वचने विषयवार एकत्र करून त्यांचा निर्णय देणाऱ्या ग्रंथांच्या, परंपरेत व्रतांसंबंधी दिलेल्या सवलती पाहण्यासारख्या आहेत. गर्भवती, बाळंतीण आणि आजारी स्त्री यांनी व्रत स्वतः न करता दुसऱ्याकडून करवून घ्यावे, अशी मुभा तेथे आहे. पती, पुत्र, भाऊ, पुरोहित हे व्रतातील प्रतिनिधी सांगितलेले आहेत. पाणी, फळे, कंदमुळे, दूध आणि औषध यांनी उपवास मोडत नाही असेही वचन आहे. इस्लामी धर्मशास्त्रातही अशीच व्यवस्था दिसते. कुराणाने आजारी माणसाला आणि प्रवाशाला रमजानच्या रोजांतून जी सूट दिली, ती धर्मशास्त्रज्ञांनी गर्भवतीला आणि अंगावर पाजणाऱ्या आईलाही लागू केली, आणि राहिलेले रोजे तिला पुढे सवडीने पूर्ण करता येतात. वारकरी संप्रदायाने तर प्रपंच सोडण्याची अटच ठेवली नाही. सतराव्या शतकातील संत बहिणाबाईंचा नवऱ्याने छळ केला, तुकोबांना गुरू मानल्याबद्दल तो त्यांना टाकून जायला निघाला, तेव्हा त्या गरोदर होत्या. तरीही संसार आणि भक्ती यांपैकी एकाचा त्याग न करता दोन्ही निभावण्याचा मार्ग त्यांनी शोधला आणि आपल्या आत्मनिवेदनपर अभंगांत तो शब्दांत मांडून ठेवला.

थोडक्यात, श्रद्धेच्या व्यवस्थेत आईसाठी जागा राखलेली आहे. घरोघरच्या रिवाजात ती नेहमी दिली जात नाही, ही गोष्ट वेगळी. महाविद्यालयाच्या व्यवस्थेत मात्र ती मुळातच राखलेली नव्हती. पदवीच्या एका सत्रात साधारण पंधरा आठवडे अध्यापन असते आणि परीक्षेला बसण्यासाठी पंच्याहत्तर टक्के हजेरी लागते, म्हणजे विद्यार्थिनीला पावणेचार आठवड्यांहून अधिक काळ गैरहजर राहता येत नाही. बाळंतिणीने सव्वा महिना घराबाहेर पडू नये हा महाराष्ट्रातील सर्वसाधारण रिवाज आहे. प्रसूतीनंतर शरीर सावरायला सुमारे सहा आठवडे लागतात असे आधुनिक वैद्यकही सांगते. सव्वा महिना म्हणजे पाच आठवड्यांहून अधिक. त्यामुळे सत्र चालू असताना बाळंत होणारी मुलगी, तिने इतर एकही दिवस चुकवला नाही तरी, केवळ हिशेबाने हजेरीतून बाद होते. त्यात पहिले बाळंतपण माहेरी करण्याची प्रथा असल्याने सातव्या महिन्याच्या डोहाळजेवणानंतर ती माहेरी जाते आणि बारसे उरकून पुढे महिना-दोन महिन्यांनी परतते, म्हणजे एक सत्र जवळजवळ संपूर्ण जाते.

येथे करमाळ्याचा भूगोल आणखी एक अडचण उभी करतो. हा तालुका तीन विद्यापीठांच्या सीमेवर आहे. करमाळ्याची महाविद्यालये सोलापूरच्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर विद्यापीठाला जोडलेली आहेत, जे २००४ मध्ये स्थापन झाले. त्याआधी हा जिल्हा कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाकडे होता. शेजारचे जामखेड, कर्जत आणि इंदापूर मात्र सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या क्षेत्रात येतात, तर परांडा आणि आष्टी हे तालुके छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाकडे आहेत. सोयरीक वीस-पंचवीस कोसांच्या आतच जमते, आणि तेवढ्या अंतरात विद्यापीठ बदलते. जामखेडला पहिले वर्ष केलेली मुलगी करमाळ्यात सून म्हणून आली, की दाखला, स्थलांतर प्रमाणपत्र आणि पात्रता प्रमाणपत्र यांच्या फेऱ्यात सापडते. विषय जुळत नाहीत, मुदती टळतात, आणि पाळणा हलण्याआधीच शिक्षण सुटलेले असते.

या बाबतीत गेल्या काही वर्षांत झालेले बदल महत्त्वाचे आहेत आणि ते गावोगावच्या पालकांपर्यंत पोचायला हवेत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पदवीचा अभ्यासक्रम ‘श्रेयांकां’त मोजला जातो. श्रेयांक म्हणजे अभ्यासाचे एकक: एका सत्रात पंधरा तास व्याख्याने किंवा तीस तास प्रात्यक्षिके पूर्ण केली की एक श्रेयांक मिळतो. वर्षाचे सुमारे चाळीस श्रेयांक पूर्ण करून, नेमून दिलेला छोटा कौशल्य अभ्यासक्रम केल्यास पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दुसऱ्या वर्षानंतर पदविका घेऊन थांबता येते, तीन वर्षांनी पदवी मिळते, आणि थांबलेल्या विद्यार्थ्याला ठरावीक मुदतीत पुन्हा तेथूनच पुढे जाता येते. हे श्रेयांक २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ या ऑनलाइन खात्यात जमा राहतात आणि एका विद्यापीठातून दुसऱ्या विद्यापीठात नेता येतात. महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत ही पद्धत २०२४-२५ पासून लागू झाली. खंड पडला तरी केलेले वाया जात नाही, हे जे तत्त्व व्रतांच्या बाबतीत धर्मग्रंथांनी कधीच मान्य केले होते, ते विद्यापीठांनी आता मान्य केले आहे.

मात्र एक व्यावहारिक गोष्ट सांभाळावी लागते. हे खाते आधारशी जोडलेले असते. लग्नानंतर आधारवर सासरचे नाव चढवले आणि गुणपत्रिकांवर माहेरचेच राहिले, की दोन्ही नोंदी जुळत नाहीत आणि नवी सून कागदपत्रांसाठी हेलपाटे घालत राहते. पदवी हातात येईपर्यंत नाव न बदलणे हा त्यावरील सर्वांत सोपा उपाय आहे आणि त्याने सासरच्या मानाला कोणताही धक्का लागत नाही.

हजेरीबाबतही मार्ग निघू लागला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२१ मध्ये सर्व विद्यापीठांना पत्र पाठवून एम.फिल. व पीएच.डी.च्या विद्यार्थिनींच्या प्रसूती रजेसाठी नियम करण्यास सांगितले, आणि पदवी व पदव्युत्तर विद्यार्थिनींनाही हजेरीत व अर्ज भरण्याच्या मुदतीत सवलत द्यावी असे सुचवले. पीएच.डी.साठी २४० दिवसांची रजा नियमांतच आहे. पदवीच्या मुलीसाठी मात्र सारे त्या त्या विद्यापीठावर सोडलेले आहे, ही यातील मोठी उणीव होय, कारण आई होण्याचे वय ग्रामीण भागात पदवीच्याच वर्षांत येते. मेरठच्या एका विद्यापीठातील एम.एड.च्या विद्यार्थिनीला अशी सवलत नाकारण्यात आली, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये तो निर्णय रद्द केला आणि शिक्षण की मातृत्व अशी निवड करायला कोणाही स्त्रीला भाग पाडता येणार नाही, अशी भूमिका घेतली. प्राचार्यांकडे अर्ज करताना आयोगाचे पत्र आणि हा निकाल या दोन्हींचा उल्लेख अवश्य करावा.

ज्यांना रोज येणे अशक्यच आहे त्यांच्यासाठी नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे आणि त्याची अभ्यासकेंद्रे राज्यभर आहेत. तेथे रोजच्या हजेरीची अट नाही. तरीही मुक्त शिक्षण म्हणजे आईसाठी राखून ठेवलेली वेगळी वाट, असे समीकरण होऊ देणे योग्य नाही. वर्गात बसणे, ग्रंथालयात जाणे, बरोबरीच्या मुलींशी बोलणे यांतून जे मिळते त्यावरही तिचा हक्क आहे.

मराठी समाजाला हा प्रश्न नवा नाही. कल्याणच्या यमुनेचे नवव्या वर्षी गोपाळराव जोशींशी लग्न झाले, चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला आणि तो दहा दिवसांतच गेला. वैद्यकीय मदत मिळाली असती तर तो जगला असता, या जाणिवेतून यमुना, म्हणजेच लग्नानंतरच्या आनंदीबाई, वैद्यकाकडे वळल्या. १८८३ मध्ये श्रीरामपूर (बंगाल) येथील जाहीर भाषणात त्यांनी आपण अमेरिकेला हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ असे सांगितले. फिलाडेल्फियाच्या थंडीत साडी आणि शाकाहार सांभाळून त्यांनी ११ मार्च १८८६ रोजी पदवी घेतली, आणि पुढच्याच वर्षी, वयाची बावीस वर्षे पूर्ण होण्याआधी, क्षयाने त्यांचे निधन झाले. त्या पदवीदानाला त्यांच्या नात्यातील पंडिता रमाबाई हजर होत्या. रमाबाई १८८२ मध्ये विधवा झाल्या आणि पुढच्याच वर्षी दोन वर्षांच्या मनोरमेला घेऊन शिकण्यासाठी इंग्लंडला गेल्या. तेथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. एकीने श्रद्धा राखली, दुसरीने बदलली, पण दोघींनाही ती शिक्षणाच्या आड आली नाही. १८८९ मध्ये रमाबाईंनी काढलेल्या शारदासदनाची आणि १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या पुण्याच्या सेवासदनाची खरी थोरवी अशी, की बाईने शाळेच्या सोयीने यावे असे न म्हणता बाईच्या परिस्थितीकडे पाहून तेथे शिक्षण बेतले गेले.

आजच्या महाविद्यालयाने त्या दृष्टीने करण्यासारखे बरेच आहे आणि त्याला फार खर्च येत नाही. पहिले सहा महिने बाळाला केवळ आईचे दूध द्यावे असा वैद्यकीय सल्ला आहे. लहान बाळ दर दोन-तीन तासांनी दूध मागते, आणि अडीच-तीन तासांचा पेपर, त्याआधी अर्धा तास प्रवेश, शिवाय जेऊर, कोर्टी किंवा आणखी आतल्या गावाहून एसटीचा प्रवास धरला तर आई बाळापासून सहज पाच-सहा तास दूर राहते. राज्यातील एसटी स्थानकांवर स्तनपानासाठी ‘हिरकणी कक्ष’ सुरू झाले. बाळासाठी रायगडाचा कडा उतरलेल्या गवळणीचे नाव त्यांना दिले आहे. परीक्षाकेंद्रावर अशी एक खोली असली, बाळ घेऊन आलेल्या आजीला बसायला सावली आणि प्यायला पाणी असले, तर कित्येक मुलींचा पेपर वाचेल.

घराची जबाबदारी मात्र कोणत्याही परिपत्रकाने ठरत नाही. नवरात्रातील माळ, बाळाची वेळ आणि पेपर एकाच दिवशी आले, तर काय मागे ठेवायचे हा निर्णय सासूबाई, सासरे आणि नवरा यांच्याच हाती असतो. घटाला माळ सासूबाई घालू शकतात, नवराही घालू शकतो; वाटी-चमच्याने काढून ठेवलेले दूध आत्याबाई पाजू शकतात; रात्री उठून रडणारे पोर बाप खांद्यावर घेऊ शकतो. पेपर मात्र तिनेच लिहावा लागतो, त्याला प्रतिनिधी चालत नाही. म्हणून परीक्षेचे वेळापत्रक लागताच ते देव्हाऱ्याशेजारच्या कालनिर्णयावर सणांच्या बरोबरीने लिहून ठेवावे, आणि त्या दिवशी कोणी काय करायचे हे घरातल्या सगळ्यांनी आधीच वाटून घ्यावे.