वेस्ट इंडीजची रम : मळी, पीप आणि नाव

साखर कारखान्याच्या आसपास राहिलेल्या माणसाला मळीचा वास समजावून सांगावा लागत नाही. उसाचा रस आटवून साखरेचे दाणे काढून घेतले की जो काळा, चिकट पाक मागे उरतो ती मळी. तिच्यात गोडवा पुष्कळ असतो, पण त्याचे आणखी दाणे काढणे परवडत नाही. आपल्याकडे तिचा मद्यार्क करतात आणि त्यातला बराच आता पेट्रोलमध्ये मिसळला जातो. कॅरिबियन समुद्रातील बेटांवर याच मळीची रम झाली. तीनशे वर्षे हलकी समजली गेलेली ही दारू गेल्या वीसएक वर्षांत उंची व्हिस्कीच्या शेजारी जाऊन बसली आहे. आपल्या राज्यात १९४९ चा दारूबंदीचा कायदा अजून पुस्तकात आहे, हे लक्षात ठेवूनच मी बोलतो. पिण्याचे गुणगान करण्याचा येथे हेतू नाही. टाकाऊ मालाला एकाएकी मोल येते तेव्हा ते मोल कोणाच्या पदरात पडते, एवढाच प्रश्न मला या निमित्ताने मांडावयाचा आहे.

बार्बाडोस बेटावर सतराव्या शतकाच्या मध्यास उसाची लागवड पसरली. मळे इंग्रजांचे आणि राबणारे हात आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांचे. मळीपासून गाळलेल्या त्या पहिल्या दारूचे एक नाव ‘किल-डेव्हिल’ असे होते. सैतानालाही लोळवील अशी ती जहाल असावी. पुढे ब्रिटिश आरमाराने तिला आश्रय दिला. खलाशांना रोज रम वाटण्याची प्रथा थेट ३१ जुलै १९७० पर्यंत चालली. खलाशांची दारू ही तिची ओळख पक्की झाली ती अशी.

आता ती होते कशी ते पाहू. मळीत पाणी मिसळून ती आंबवतात आणि आंबलेला द्रव तापवून त्याची वाफ थंड करतात. हे गाळण्याचे काम दोन तऱ्हांनी होते. एक जुना तांब्याचा हंडा. तो एकदा भरावा, गाळून घ्यावे, रिकामा करावा, पुन्हा भरावा. दुसरा उंच स्तंभ. अ‍ॅनियास कॉफी याने १८३० साली अशा स्तंभाचे पेटंट घेतले. त्यात द्रव अखंड जात राहतो आणि स्वच्छ, पण चवीला हलका मद्यार्क स्वस्तात मिळतो. हंडा खर्चिक आणि संथ. परंतु मळीचे गुणदोष दोन्ही तो पुढे पोहोचवतो.

तथापि रमचा खरा स्वभाव भट्टीच्याही आधी, आंबवण्यात ठरतो. जमैकातील ट्रेलॉनी परगण्यात हॅम्पडेन नावाचा मळा आहे. तो १७५३ पासूनचा. तेथे मळी लाकडी टाक्यांत आठवडा आठवडा, कधी त्याहूनही अधिक आंबू देतात, तीही हवेतल्या आणि लाकडातल्या किण्वाच्या भरवशावर. शिवाय मागच्या खेपेला गाळून झाल्यावर हंड्यात उरलेले आंबट पाणी तिच्यात घालतात. त्याला ते ‘डंडर’ म्हणतात. आपल्याकडे हेच पाणी स्पेंटवॉश म्हणून ओढ्यात उतरते आणि गावकरी अर्ज घेऊन कचेरीत जातात! जमैकात ते जपून ठेवतात, कारण त्यातील आम्लांचा मद्यार्काशी संयोग होऊन एस्टर नावाची सुगंधी द्रव्ये तयार होतात. पिकलेल्या केळ्याचा वा अननसाचा जो घमघमाट असतो, तो याच कुळातल्या द्रव्यांचा. काही रमांत ही द्रव्ये इतकी असतात की नुसती पिणे कठीण. तिला अत्तर म्हणणेच अधिक बरोबर.

आणि तिचा उपयोगही अत्तरासारखाच झाला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीने आयात रमवर जबर जकात बसवली. तेव्हा तेथील व्यापाऱ्यांनी अतिसुवासिक जमैकन रम थोडीशी मागवून ती भरपूर साध्या मद्यार्कात मिसळण्याची युक्ती काढली. बेटावर पिपे भरावीत, जहाजावर चढवावीत, आणि पुढे लंडनला, लिव्हरपूलला किंवा जर्मनीतल्या बंदरात तिचे काय होते ते पाहू नये, असा हा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालला. हॅम्पडेनची रमही अशीच पिपांतून परदेशी जाई. २००९ साली मळ्याची मालकी बदलली, नव्या मालकांनी पिपे स्वतःच्या कोठारात ठेवावयास आरंभ केला आणि २०१८ साली तेथेच मुरलेली रम मळ्याच्या नावाने बाजारात आली.

मुरण्याचे गणित मोठे नमुनेदार आहे. ओकच्या पिपातून मद्य सतत उडत असते. स्कॉटलंडच्या थंडीत वर्षाला सुमारे दोन टक्के उडते. कॅरिबियन उन्हात सहा-सात टक्केही उडते. म्हणजे शंभर लिटर भरले तर बारा वर्षांनी स्कॉटलंडात अठ्ठ्याहत्तर लिटर हाती लागेल, बेटावर बेचाळीस. लाकडाचा गुणही उन्हात लवकर उतरतो. तेव्हा बेटावरची बारा वर्षे आणि युरोपातली बारा वर्षे ही एकच वस्तू नव्हे, आणि तिची किंमतही एक असू शकत नाही.

येथेच लबाडीला वाव मिळतो. वर्षे मुरवण्याऐवजी साखर घालून चव गुळगुळीत करता येते. बाटलीवर मोठा आकडा छापला की गिऱ्हाईक ते वय समजते. वास्तविक तो मिश्रणातल्या सर्वांत जुन्या थेंबाचा असतो, किंवा कशाचाच नसतो. स्वीडन-फिनलंडमधील सरकारी दुकानांनी बाटलीतील साखरेचे प्रमाण जाहीर केले तेव्हा पुष्कळ नामांकित रमांचे पितळ उघडे पडले. युरोपीय संघाने २०१९ च्या नियमाने लिटरला वीस ग्रॅमची मर्यादा घातली. वीस ग्रॅम म्हणजे चार-पाच चमचे. मर्यादा म्हणून हेही काही कमी नाही. बार्बाडोसच्या फोरस्क्वेअर भट्टीचे रिचर्ड सील यांनी साखर न घालता, वय खरे सांगून रम विकण्याचा आग्रह धरला. माझ्या मते आजच्या रमची प्रतिष्ठा जाहिरातींपेक्षा अशा हट्टी माणसांनी अधिक वाढवली.

आपल्या देशातही थोडी हालचाल आहे. मोहन मीकिनची ओल्ड मंक १९५४ पासून घरोघर ठाऊक; पण बंगळूरच्या अमृत भट्टीने २०१३ च्या सुमारास गुळाची रम वेस्ट इंडीजच्या रमशी मिसळून बाजारात आणली, आणि अलीकडे गोव्यातही ‘माका जाय’ अशा कोकणी नावाने रम निघाली आहे.

आता नावाचा मुद्दा. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे अन्य ठिकाणच्या गुळाला ते नाव लावण्यास कायद्याची आडकाठी आली. मार्टिनिक बेटावर मळी न वापरता उसाच्या ताज्या रसाची रम करतात. तिला फ्रेंच सरकारने १९९६ सालीच असे संरक्षण दिले. जमैकाने २०१६ साली ते केले आणि २०२४ साली तेथील बौद्धिक संपदा कार्यालयाने पुढचे पाऊल टाकले : मुरलेली म्हणून जमैकन रम विकावयाची तर ती जमैकातच मुरली पाहिजे. एका मोठ्या उत्पादकाने विरोध केला. पिपे युरोपात नेऊन मुरवणे ही जुनी रीत आहे, हे त्यांचे म्हणणे खोटे नाही. परंतु रीत जुनी असली तरी ती ज्या काळात पडली त्या काळात बेटाला विचारले कोणी होते? कोठार बेटावर राहिले तर पीप दुरुस्त करणाऱ्याला, राखणदाराला, मिश्रण करणाऱ्या जाणकाराला तेथे काम मिळते. पीप गेले की हे सारे त्याच्याबरोबर जाते.

त्रिनिदादमध्ये कॅरोनी नावाची सरकारी साखर कंपनी होती. तिची स्वतःची भट्टी होती, जड आणि डांबरासारख्या वासाच्या रमबद्दल प्रसिद्ध. १८४५ ते १९१७ या काळात करारावर बोटीने नेलेल्या हिंदी मजुरांचे वंशज त्या उसावर आणि भट्टीवर मोठ्या संख्येने होते. २००३ साली सरकारने कंपनी बंद केली. हजारोंचे काम गेले. पुढल्याच वर्षी लुका गार्गानो या इटालियन व्यापाऱ्याला तेथील कोठारात विसरलेली जुनी पिपे सापडली. त्यांतून भरलेल्या बाटल्यांवर आज युरोपातल्या लिलावांत शेकडो, क्वचित हजारो पौंडांची बोली लागते. त्यांतील काही बाटल्यांच्या लेबलांवर भट्टीतल्या जुन्या कामगारांची छायाचित्रे आणि नावे छापलेली आहेत. त्यांत आपल्या कानाला ओळखीची वाटावीत अशी हिंदी आडनावे आहेत.