उजेड आणि उजाडणे

मराठीत 'उजेड' आणि 'उजाडणे' हे शब्द एकाच घरातले. कन्नडमध्येही उजेडाला 'बेळकु' म्हणतात आणि उजाडले की 'बेळगायितु'. दोन्ही भाषा बोलणाऱ्या मला हे साम्य अर्थपूर्ण वाटते. कारण आपले शरीरही तेच मानते. डोळ्यांवर लख्ख प्रकाश पडला की ते उजाडल्याचे समजते, मग घड्याळात रात्रीचे अकरा का वाजलेले असेनात!

याचे कारण आपल्या दृष्टिपटलात आहे. तिथे पाहण्याच्या पेशींखेरीज प्रकाश टिपणाऱ्या आणखी काही पेशी असतात, हे २००२ साली सिद्ध झाले. दिवस आहे की रात्र, हे त्या मेंदूतील घड्याळाला कळवतात. निळसर प्रकाश त्यांना विशेष जाणवतो. अंधार पडला की पिनियल ग्रंथी मेलॅटोनिन सोडते. रात्र झाल्याची ती जणू दवंडीच. प्रखर प्रकाशाने ही दवंडी बंद पडते, हे अल्फ्रेड ल्यूई व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० साली दाखवून दिले. खोलीतल्या साध्या दिव्यांनीही ती उशिरा पिटली जाते, हे पुढे दिसून आले.

प्रकाश 'लक्स'मध्ये मोजतात. भर दुपारच्या उन्हात तो सुमारे १,००,००० लक्स असतो, तर चांगल्या उजेडाच्या वर्गातही जेमतेम ३०० ते ५००. म्हणजे दिवसभर आपण प्रकाशाला पारखे, आणि रात्री मात्र उधळपट्टी! वाणिज्य शाखेच्या भाषेत सांगायचे, तर जमा-खर्च जुळतच नाही. मग झोप लांबते, सकाळी अंग जड होते आणि मन चिडचिडे. थंड देशांत हिवाळ्यात येणारी उदासी सकाळच्या प्रखर प्रकाशाने कमी होते, हे १९८४ पासून वैद्यकशास्त्राला ठाऊक आहे.

आमच्या खोलीत आम्ही चौघे. परीक्षेच्या दिवसांत एकाच्या अभ्यासासाठी ट्यूबलाइट एक वाजेपर्यंत जळते आणि तिच्याखाली तिघे कुशी बदलत राहतात. मिटल्या पापण्यांतूनही उजेड झिरपतोच. यावर उपाय सोपा आहे. दिव्याच्या खोक्यावर 'केल्विन'चा आकडा असतो. ६५०० म्हणजे निळसर पांढरा, २७०० म्हणजे पिवळसर. रात्री अभ्यासाला पिवळसर दिव्याचा टेबल-लॅम्प घ्यावा आणि त्याचे तोंड पुस्तकाकडे वळवावे. सकाळी मात्र अर्धा तास गच्चीवर वाचत बसावे.

मित्रहो, जागणाऱ्याने जरूर जागावे. पण शेजारच्या खाटेवर मध्यरात्रीच उजाडणार नाही, एवढे पाहावे.