‘आहे, पण निघत नाही’

आई 31 वर्षं माध्यमिक शाळेत शिकवत होती. पहाटे सगळ्यांचे डबे, मग पावणेसातची एसटी. शाळेत शिक्षिकांसाठी एकच संडास, त्याचीही आतली कडी तुटलेली. कळ आली की ती दाबून धरायची आणि घरी आल्यावर कळच यायची नाही. निवृत्तीनंतर तिच्या खाटेशेजारच्या फळीवर त्रिफळा, एरंडेल, इसबगोल आणि जाहिरातीतली दोन-तीन चूर्णं ओळीनं उभी असत. तरीही सकाळी पाऊण पाऊण तास आत बसायची, घामाघूम होऊन बाहेर यायची आणि म्हणायची, ‘आहे, पण निघत नाही.’

निदान त्या चार शब्दांतच होतं. आम्हाला ते कळायला सहा वर्षं लागली.

रोज सकाळी पोट साफ झालंच पाहिजे, ही आपली ठाम समजूत. प्रत्यक्षात दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, यातलं काहीही निरोगी माणसात आढळतं. जुनाट बद्धकोष्ठाचे निकष वेगळे आहेत. 2016 च्या ‘रोम 4’ निकषांत दिवसांच्या मोजणीइतकंच महत्त्व त्रासाला दिलं आहे : कुंथावं लागणं, खडा होणं, झाल्यावरही राहिल्यासारखं वाटणं, दाराशी अडल्यासारखं होणं, बोटानं मदत करावी लागणं. चारपैकी एका वेळेहून अधिक असं होत असेल, किंवा शौच आठवड्यातून तीनदाही होत नसेल, आणि यांतल्या किमान दोन तक्रारी तीन महिने टिकल्या असतील, तर ते दुखणं समजायचं. त्याची सुरुवात किमान सहा महिन्यांपूर्वीची असावी लागते.

डॉक्टरांकडे सात चित्रांचा एक तक्ता असतो. ब्रिस्टलच्या लुईस आणि हीटन यांनी तो 1997 मध्ये प्रसिद्ध केला. पहिल्या चित्रात लेंड्यांसारखे सुटे कडक खडे, चौथ्यात मऊ आणि गुळगुळीत, सातव्यात नुसतं पाणी. पहिली दोन चित्रं बद्धकोष्ठाची. आपल्याकडे हे तोंडानं सांगायला माणसं लाजतात, म्हणून नुसतं बोट ठेवण्याची ही सोय मला फार मोलाची वाटते.

लहान आतड्यातून रोज सुमारे दीड लिटर द्रव मोठ्या आतड्यात उतरतो आणि त्यातलं बहुतेक पाणी तिथे शोषलं जातं. मळ जितका रेंगाळेल तितका कोरडा होतो. झोपेतून उठल्यावर आणि खाल्ल्यावर आतड्याला जोराच्या लाटा येतात. नेमकी हीच वेळ आईच्या एसटीची होती. कळ वर्षानुवर्षं दाबली की गुदाशयाची जाणीवच बोथट होत जाते.

कारण कधी औषधांच्या डब्यातही सापडतं. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या, रक्तदाबाचं व्हेरापामिल, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, वेदनाशामक ट्रामाडॉल, यांनी शौच घट्ट होऊ शकतं. थायरॉइड मंदावणं, मधुमेह आणि पार्किन्सनही यामागे असतात. म्हणून पहिल्याच भेटीला सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्याव्यात.

आहाराचं म्हणाल तर दिवसाला 25 ते 30 ग्रॅम चोथा पोटात जावा. भाकरी, उसळ, पालेभाजी, पेरू यांतून तो मिळतो. उपवासाच्या साबुदाण्यात मात्र तो जवळजवळ नसतोच. चोथा हळूहळू वाढवावा, एकदम वाढवला की पोट फुगतं. इसबगोलाचा भुसा पाणी धरून फुगतो. तो मोठ्या पेल्यातल्या पाण्यात कालवून लगेच प्यावा, कोरडा तोंडात टाकू नये, घशात अडकतो. पाण्याच्या बाबतीत मात्र गैरसमज आहे. शरीरात पाणी पुरेसं असेल, तर तांब्याभर जास्त पिऊन बद्धकोष्ठ सुटत नाही.

एवढ्यानं भागलं नाही, तर पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर मळात पाणी धरून ठेवते. अमेरिकेतल्या पचनविकार तज्ज्ञांच्या 2023 च्या मार्गदर्शिकेत तिची ठाम शिफारस आहे. अनेक चूर्णांत सोनामुखी असते. ती आतड्याला चाळवते, पोटात मुरडाही येतो. ती चालते, पण डॉक्टरांना सांगून. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मॅग्नेशियमचं रेचक आपल्या मनानं घेऊ नये.

आता आईच्या चार शब्दांकडे येते. गुदाशयाच्या शेवटाला एक स्नायू गोफणीसारखा मागून अडकलेला असतो. कुंथताना तो सैल पडायला हवा. काहींचा उलट आवळतो. एका हातानं दार लोटायचं आणि दुसऱ्या हातानं तेच ओढून धरायचं, असा तो प्रकार. अशा वेळी रेचकाची मात्रा वाढवून काय साधणार? तज्ज्ञ डॉक्टरांनी आधी बोटानं तपासलं, मग 50 मिली पाणी भरलेला छोटा फुगा आत ठेवून तो बाहेर टाकायला सांगितलं. साधारण मिनिटभरात जमायला हवं. आईला पाच मिनिटांतही जमलं नाही. त्यावर उपाय म्हणजे बायोफीडबॅक. पडद्यावर आपल्याच स्नायूची रेघ बघत, कुंथताना तो सैल कसा सोडायचा, हे शिकायचं. या दोषावर ही पद्धत रेचकांपेक्षा सरस असल्याचं चाचण्यांत दिसलं आहे. सहा बैठकांत आईला पुष्कळ जमलं. गुडघ्यांमुळे कमोड वापरावा लागतो, म्हणून पायांखाली छोटा पाट घेतला. गुडघे कमरेच्या वर आले की वाट सरळ होते.

शौचातून रक्त जाणं, वजन घटणं, रक्त कमी होणं, घरात आतड्याच्या कर्करोगाचा इतिहास, किंवा पंचेचाळिशीनंतर सवय अचानक बदलणं, यांतलं काहीही असेल तर घरगुती उपायांत एक दिवसही घालवू नका. गॅस अडकून पोट फुगलं आणि उलट्या सुरू झाल्या, तर थेट रुग्णालय गाठा.

डॉक्टरांसमोर ‘पोट साफ होत नाही’ एवढंच बोलून थांबू नका. आतून येतच नाही, की येऊन दाराशी अडतं, ते सांगा आणि बोटानं तपासायला नको म्हणू नका. तुमच्या ओळखीत एखादी शाळा असेल, तर तिथल्या शिक्षिकांच्या संडासाची कडी लागते का, तेही एकदा बघून या.