उभ्या सायकलची सीट

सकाळी पहिल्या पाळीच्या वेळी चाकणच्या तळेगाव चौकातून खराबवाडी, नाणेकरवाडी, म्हाळुंगेकडे वळणाऱ्या गर्दीत कंपनीच्या बसगाड्यांच्या कडेकडेने सायकली वाट काढत असतात. त्यांच्या सीटकडे एकदा नीट पाहावं. कुठे रेक्झिन फाटून पिवळा फोम बाहेर आलेला, कुठे वर प्लॅस्टिकची पिशवी गाठ मारून बांधलेली, कुठे जुना बनियन गुंडाळलेला. बसून बसून सीट झिजते असं आपण धरून चालतो. ते अर्धंच खरं आहे. कामगाराची सायकल दिवसातून फार तर तासभर चालते आणि आठ-दहा तास उभी असते. आजच्या फोमच्या सीटचं आयुष्य बरंचसं त्या उभ्या तासांत सरतं.

पिंपरी ते चाकणच्या या पट्ट्याने सीटच्या दोन पिढ्या पाहिल्या आहेत. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि त्याच दशकात टेल्को व बजाज ऑटो इथे आल्या. भोंग्यावर चालणाऱ्या त्या काळात कामगाराचं वाहन म्हणजे सायकल, आणि त्यांतल्या चांगल्या सायकलींना कातड्याची सीट असे.

कातडी सीटला गादी नसतेच. साडेचार-पाच मिलिमीटर जाडीचा कातड्याचा एक तुकडा पुढे नाकाशी आणि मागे लोखंडी पट्टीला रिव्हेटने ठोकून ताणलेला असतो. मधे खालून आधार काही नाही. बर्मिंगहॅमचे जॉन बोल्टबी ब्रुक्स यांनी १८६६ मध्ये घोड्याच्या साजाचा आणि चामडी सामानाचा धंदा काढला होता. पुढे सायकलच्या लाकडी बैठकीने बेजार होऊन त्यांनी कातडी सीट घडवली आणि १८८२ मध्ये तिचं पेटंट घेतलं.

कातडं म्हणजे कोलॅजनच्या तंतूंचं गुंतलेलं जाळं. साली-फळांतल्या टॅनिनने कमावलं की ते सहसा कुजत नाही, पण घामाची ओल आणि अंगाची ऊब मिळाली की तंतू एकमेकांवरून किंचित सरकतात आणि सरकले तिथेच बसतात. आपण सीटवर टेकतो ते कमरेच्या हाडांच्या खालच्या दोन टोकांवर. त्या टोकांमधलं अंतर साधारण १० ते १५ सेंटीमीटर असतं, बायकांमध्ये सरासरीने थोडं जास्त. काही शे किलोमीटर झाले की नेमक्या त्या दोन जागी उथळ खळगे पडतात. सुरुवातीला टणक, नकोशी वाटणारी सीट मग त्या एका माणसाची होते. कोल्हापुरी चपलेवर अंगठ्याचा ठसा बसतो तोही असाच. तिचं कातडं बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावतात. हा हिरडा फार लांबचा नाही. चाकणवरून नाशिकच्या दिशेने पुढे गेलं की जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांत महादेव कोळी कुटुंबं तो गोळा करतात.

अशी सीट नीट राखली तर वीस-तीस वर्षं जाते. नाकाखालचा ताणाचा नट फार सैल वाटला तरच, तोही पाव फेरा, आवळायचा. पावसात भिजली तर सावलीत वाळू द्यायची आणि वाळेपर्यंत तिच्यावर बसायचं नाही, कारण ओलं कातडं भराभर ताणतं. आपल्याकडे हौसेने खोबरेल चोपडतात, ते मात्र टाळावं. पातळ तेल आतपर्यंत मुरतं, कातडं लुळं पडतं आणि सीट मधोमध लोंबते. मेणाचा पातळ हात पुरतो.

फोमच्या सीटचं गणित उलटं आहे. कातडं आकार घेत म्हातारं होतं, फोम आकार सोडत. पॉलियुरेथेनचा शोध जर्मनीत ऑटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये लावला. सीटचा फोम म्हणजे त्याच्याच लाखो बारीक पेशी. दाब आला की पेशींच्या भिंती वाकतात आणि सुटला की परत उभ्या राहतात. काही वाकलेल्याच राहतात, काही तडकतात. उष्णता आणि ओल असली की हे लवकर होतं. वरचं रेक्झिन मऊ राहतं ते त्यात मिसळलेल्या द्रव्यांमुळे. उन्हाने ती हळूहळू उडून जातात, रेक्झिन कडक होतं, कडेला भेगा पडतात, आणि जूनमध्ये त्याच भेगांतून पाणी आत शिरतं. पुढे फोम ओलाच राहतो आणि खालच्या स्प्रिंगा गंजतात. एक स्प्रिंग तुटली की सीट एका बाजूला कलते, आणि तिच्याबरोबर कंबरही.

याच पट्ट्यात मोटारींच्या सीटही बनतात, त्यामुळे फोमची परीक्षा कशी घेतात हे इथल्या अनेकांना ठाऊक आहे. नमुना निम्म्या जाडीपर्यंत दाबून ७० अंश सेल्सियसच्या भट्टीत २२ तास ठेवायचा, मग सोडून तो किती परत फुगतो ते मोजायचं. दुसऱ्या चाचणीत त्याला ७५० न्यूटन जोराने ८० हजार वेळा बडवतात. सायकलच्या सीटसाठी आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ ४२१० आहे. त्यात १,००० न्यूटनचा, म्हणजे जवळपास १०२ किलो वजनाचा दाब दोन लाख वेळा देतात. पण तिथे पाहतात ते सीट किंवा तिचा दांडा तडकतो का, क्लॅम्प सैल होतो का, एवढंच. सीट किती दबली, हा प्रश्न त्या चाचणीत नाही. माझ्या मते तो असायला हवा. रोज बारा किलोमीटर, वर्षाचे तीनशे दिवस आणि किलोमीटरला दहा जोरदार हादरे धरले तर वर्षाला ३६ हजार हादरे होतात. दोन लाखांचा आकडा साडेपाच वर्षांत गाठला जातो. तोवर सांगाडा शाबूत राहील, बैठक केव्हाच गेलेली असेल.

दबलेल्या सीटचा फटका फक्त बसायच्या जागेला बसत नाही. सीट सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर खाली गेली की तेवढी पायडलं जवळ येतात, गुडघा जास्त दुमडतो आणि दर फेऱ्याला त्याच्यावर जास्तीचा ताण येतो. गुडघे वयाने दुखतात असं समजून माणूस मलम चोळत राहतो. पायडल सगळ्यात खाली असताना त्यावर टाच ठेवून बघावी. पाय जेमतेम सरळ झाला पाहिजे. होत नसेल तर पाना घेऊन सीट वर करावी, फुकटात काम होतं. फोम अंगठ्याने दाबून सोडावा. खळगा लगेच भरून आला नाही तर सीट बदलायची वेळ झाली. तिच्यावर जेलचं जाड कव्हर चढवणं हा उपाय नव्हे. फार मऊ गादीत हाडं बुडतात, मधला भाग वर येतो, तिथल्या नसा दबतात आणि मांड्यांमध्ये मुंग्या येतात.

राहता राहिलं ऊन. कंपनीच्या आवारात मोटारसायकलींना पत्र्याची शेड असते. कंत्राटी कामगारांच्या सायकली मात्र कित्येक ठिकाणी गेटबाहेर, भिंतीलगत उघड्यावर उभ्या राहतात. मे महिन्यात काळं रेक्झिन ६० अंशांच्या आसपास तापू शकतं, म्हणजे भट्टीतल्या चाचणीच्या फार मागे नाही. ही शेड सायकलींपर्यंत वाढवणं कोणत्याही कारखान्याला जड नाही, आणि ती मागण्यात कामगारांनी संकोच करू नये. ती होईपर्यंत सायकल भिंतीच्या पूर्वेच्या अंगाला लावावी. दुपारी एकनंतर सावली तिकडे पडते, आणि पहिल्या पाळीची असो की दुसऱ्या, सीट सगळ्यात जास्त तापते त्या तासांत तिच्यावर थेट ऊन येत नाही.