पंचनाम्यापाशी थांबणारी चौकशी

कारखान्यात माणूस मेला की पुढे काय होते हे युनियनच्या माणसाला पाठ असते. १९४८ च्या कारखाने कायद्याने अशा मृत्यूची चौकशी महिन्याच्या आत करणे बंधनकारक केले होते. त्या चौकशीत दोष कोणाचा हे तर पाहावे लागेच, पण यंत्रावर जाळी का नव्हती हेही विचारले जाई. या दुसऱ्या प्रश्नाने पुढच्या माणसाचा हात वाचतो. घरात छळ सोसून बाई मेली, तर आपल्याकडे पहिला प्रश्न विचारतात. दुसरा विचारायची सोयच नाही.

समजा, वढू बुद्रुकसारख्या गावात एखादी विवाहिता जळून किंवा विहिरीत पडून मेली. पोलीस पाटील ठाण्याला खबर देतो. ठाण्याचा अंमलदार दंडाधिकाऱ्यास कळवतो, जागेवर येतो, आणि गावातील दोन तरी प्रतिष्ठित माणसांसमक्ष पंचनामा करतो. लग्नाला सात वर्षे झालेली नसतील आणि आत्महत्या किंवा संशयाची जागा असेल, तर शवविच्छेदन होते आणि दंडाधिकाऱ्याला स्वतः चौकशी करावीच लागते. शक्य तेथे माहेरच्यांना कळवून हजर राहू द्यावे, असेही कायदा म्हणतो. यातली सात वर्षांची तरतूद १९८३ च्या दुरुस्तीने आली. हुंडाबळीचे कलम १९८६ चे. जुलै २०२४ पासून नव्या संहितांत कलमांचे आकडे बदलले, सात वर्षांची रेघ तीच राहिली. आठव्या वर्षी ही चौकशी सक्तीची राहत नाही. जणू मार खायची मुदत तेथे संपते!

या साऱ्यातून मृत्यूचे कारण ठरते, फार तर आरोपी ठरतो. पुढचे काम कोर्टाचे. पुण्यात १९८२ साली एक नवविवाहिता विषाने मेली. आपले दुःख तिने बहिणीला आणि मैत्रिणीला पत्रांतून कळवले होते. सारडा खटला म्हणून तो प्रसिद्ध आहे. सत्र न्यायालयाने फाशी दिली, उच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने आरोपीस निर्दोष सोडले. संशय कितीही दाट असला तरी तो पुराव्याची जागा घेत नाही, हे कोर्टाचे म्हणणे रास्तच आहे. पण तेथे दप्तर मिटले. पत्रे येत होती तेव्हा तिला कोणते दार उघडे होते, हे ठरवणे कोर्टाचे काम नव्हे. मग ते कोणाचे?

सॅन फ्रान्सिस्को शहरात १९९० साली चरण आडनावाच्या एका स्त्रीला नवऱ्याने गोळी घालून मारले आणि स्वतःलाही संपवले. खटला चालवायला आरोपीच उरला नव्हता. तरी तेथील स्त्रियांच्या आयोगाने चौकशी केली, कारण ती मरण्यापूर्वी पोलीस, कोर्ट अशा किती ठिकाणी जाऊन आली होती. एका कचेरीला ठाऊक असलेले दुसरीला ठाऊक नव्हते, हे त्यातून बाहेर आले. इंग्लंडने तर २००४ च्या कायद्यात अशा फेरतपासणीची तरतूद केली आणि २०११ पासून ती अमलात आणली. पोलीस, दवाखाना, नगरपालिका यांची माणसे बाहेरच्या अध्यक्षाखाली बसतात, घरच्यांचे ऐकतात, आणि नावे झाकून अहवाल छापतात. शिक्षा कोणालाच नाही. काय बदलायचे आणि कोणी, एवढेच लिहायचे.

आता माझे सांगतो. वीसेक वर्षांपूर्वी एका कामगाराची बायको आमच्या ऑफिसात आली. “दादा, पगाराच्या दिवशी मार ठरलेला असतो,” एवढेच बोलली. मी त्याला बोलावून दम दिला, तिला चहा पाजला आणि घरी धाडले. पुढच्या उन्हाळ्यात ती भाजून गेली. लग्नाला अकरा वर्षे झालेली. पंचनाम्यात ‘स्टोव्हचा भडका’. खरे काय ते देव जाणे. ती आमच्याकडे येऊन गेली होती हे मला कोणी विचारले नाही, आणि मीही आपण होऊन सांगितले नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याने संरक्षण अधिकारी दिलेलेच आहेत. अशा प्रत्येक मृत्यूनंतर, लग्नाला कितीही वर्षे झालेली असोत, तहसीलदार, ठाण्याचा अंमलदार, प्राथमिक आरोग्य केंद्राचा डॉक्टर, आशाताई आणि हे संरक्षण अधिकारी यांनी एकत्र बसावे. ती कोणाकोणाकडे गेली होती त्याची यादी करावी. आणि त्या यादीत युनियनचे ऑफिस निघाले, तर आम्हांलाही बोलावणे धाडावे.