घटाघटा, ढसाढसा आणि इंग्रजी कागद

आपण म्हणतो, पोर ढसाढसा रडलं, पाहुणा घटाघटा पाणी प्याला, बहिणी कडकडून भेटल्या, नातू लुटुलुटु चालायला लागला. आता कुणी ‘पोर घटाघटा रडलं’ असं म्हणालं, तर सगळ्या बायका हसतील. घटाघटा प्यायचं असतं आणि ढसाढसा रडायचं असतं, हे आपल्याला कुठल्या शाळेनं शिकवलेलं नाही. ऐकून ऐकून कानात बसलं आहे. काम सांगतो तो शब्द क्रियापद, आणि ते काम कसं, कधी, किती झालं हे सांगतो तो शब्द क्रियाविशेषण. या दोघांच्या जोड्या ठरलेल्या असतात.

इंग्रजीतही तशाच जोड्या आहेत. हे आज सांगण्याचं कारण असं, की इंग्रजी आता आपण बोलावली नाही तरी घरात येते. औषधाच्या बाटलीवर येते, बँकेच्या मेसेजमध्ये येते, मुलांच्या प्रगतिपुस्तकात आणि कर्जाच्या कागदावरही येते. त्यातलं क्रियापद बऱ्याच जणींना ओळखू येतं. पेड म्हणजे भरले, क्रेडिटेड म्हणजे जमा झाले. शेजारचा शब्द मात्र नजरेतून सुटतो, आणि खरी मेख पुष्कळदा तिथेच असते.

आधी तो शब्द ओळखायचा कसा, ते बघू. मराठीत आपण ‘सावकाशपणे’, ‘आनंदाने’ म्हणतो, म्हणजे शब्दाला शेपूट जोडतो. इंग्रजीत पुष्कळ वेळा एल आणि वाय या दोन अक्षरांचं शेपूट असतं, त्याचा उच्चार ‘ली’. स्लोली, केअरफुली, मंथली. जागा मात्र आपल्यापेक्षा वेगळी. आपण म्हणतो ‘हळू चालवा’, रस्त्यावरची पाटी म्हणते ‘ड्राइव्ह स्लोली’. हुकूम करताना इंग्रजी आधी काम सांगते, कसं करायचं ते मागून. पण झालेल्या गोष्टीची खबर देताना बहुधा उलट होतं, ‘सक्सेसफुली क्रेडिटेड’, ‘टेम्पररिली ब्लॉक्ड’. म्हणून क्रियापद सापडलं, की त्याच्या दोन्ही बाजूंना बघायचं. शेपूट आहे म्हणजे क्रियाविशेषणच, असंही नाही. सप्लाय, अप्लाय, रिप्लाय यांच्या शेवटीही तीच दोन अक्षरं आहेत, पण ती क्रियापदं आहेत. आणि ‘वेल’, ‘हार्ड’, ‘लेट’ यांना शेपूट नसूनही ते हे काम करतात.

औषधापासून सुरुवात करू. लहान मुलांच्या पातळ औषधावर ‘शेक वेल बिफोर यूज’ असं छापलेलं असतं. शेक म्हणजे हलवा, आणि ‘वेल’ म्हणजे नीट, चांगलं. पावडरमध्ये पाणी घालून केलेल्या औषधात खरं औषध तळाशी बसतं. बाटली नुसती वाकडी करून चमचा भरला, तर पहिले काही दिवस बाळाला पातळ पाणी मिळतं आणि शेवटी शेवटी जास्त औषध पोटात जातं. तेव्हा ‘वेल’ हा शब्द शोभेचा नाही. ‘स्वॅलो होल’ म्हणजे गोळी अख्खी गिळा, चावू नका, कुटू नका. काही गोळ्या पोटात हळूहळू विरघळाव्यात अशा बनवलेल्या असतात. त्या कुटल्या तर सगळं औषध एकदम अंगात जातं.

सगळ्यात जपायचा शब्द ‘वीकली’. संधिवातावर मेथोट्रेक्सेट नावाची गोळी देतात. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, ‘वन्स वीकली’. ‘वन्स डेली’ म्हणजे रोज एकदा. पुढचा शब्द बदलला की एकाच्या जागी सात वेळा गोळी पोटात जाते. ही गोळी चुकून रोज घेतली गेल्यानं तोंडात फोड येतात, रक्त तयार होणं मंदावतं, आणि माणसं दगावलेलीही आहेत. कुणाच्या घरी ही गोळी चालू असेल तर वार ठरवा आणि पाकिटावर मोठ्या मराठी अक्षरांत लिहा, ‘फक्त सोमवार’. रोज घेतली गेल्याचं लक्षात आलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. पण भीतीनं औषध आपल्या मनानं कायमचं बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

आता पैशाकडे. ‘ऑटोमॅटिकली डेबिटेड’ म्हणजे तुम्हाला दर वेळी न विचारता खात्यातून कापले. तशी संमती तुम्ही कधीतरी सही करून दिलेली असते. पंतप्रधान जीवन ज्योती विम्याचे ४३६ रुपये आणि सुरक्षा विम्याचे २० रुपये असेच कापले जातात, तेही ‘ॲन्युअली’, म्हणजे वर्षातून एकदा. हेच ‘मंथली’ असतं तर वर्षाला बारापट झाले असते. तेव्हा कुठल्याही खासगी योजनेचा हप्ता सांगितला, की त्याच्या शेजारी मंथली आहे, क्वार्टरली आहे की ॲन्युअली, ते आधी बघा. क्वार्टरली म्हणजे दर तीन महिन्यांनी.

फसवणारे लोक या शब्दांचा धाक घालतात. ‘तुमचं खातं पर्मनंटली ब्लॉक होईल, इमिजिएटली लिंक दाबा’ असा मेसेज येतो. पर्मनंटली म्हणजे कायमचं, इमिजिएटली म्हणजे आत्ताच्या आत्ता. दोन्ही शब्द घाबरवायला वापरलेले. अशी घाई करणारा मेसेज आला की लिंक दाबायची नाही, पासबुक घेऊन बँकेत जायचं. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही, देण्यासाठी लागतो, हेही गाठीला बांधा. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० ला फोन करा.

गटाच्या बायांनी थोडं जास्त लक्ष द्यावं असा शब्द कर्जाच्या कागदात असतो. ‘जॉइंटली अँड सेव्हरली लायेबल’. जॉइंटली म्हणजे सगळ्या मिळून. हे चटकन कळतं. ‘सेव्हरली’चा अर्थ मात्र इथे ‘एकेकटी’ असा होतो. म्हणजे दहा जणींनी एक लाखाच्या कागदावर अशी सही केली आणि नऊ जणींनी हात वर केले, तर बँक दहावीकडे सगळी थकबाकी मागू शकते, फक्त तिचे दहा हजार नव्हे. तिनं भरले तर बाकीच्या नऊ जणींकडून त्यांचा त्यांचा वाटा मागण्याचा हक्क तिला कायदा देतो, पण तो वसूल करणं तिच्या अंगावर. आमचं मत विचाराल, तर या दोन शब्दांचा अर्थ बैठकीत मोठ्यानं वाचल्याशिवाय सहीचं पेन उघडूच नये.

इंग्रजीत शेपूट नसलेले छोटे शब्दही क्रियापदाला चिकटतात, ऑफ, आउट, अप, डाउन. आपलं ‘बघणे’ आणि ‘करून बघणे’ वेगळं, ‘टाकणे’ आणि ‘बोलून टाकणे’ वेगळं, तसंच हे. टर्न म्हणजे वळणे, पण अर्ज ‘टर्न्ड डाउन’ म्हणजे नाकारला. ‘रिटन’ म्हणजे लिहिलेलं, आणि कर्ज ‘रिटन ऑफ’ झालं, तर बायकांना वाटतं सुटलो. तसं नाही. बँकेनं ते आपल्या हिशेबाच्या वहीतून बाजूला काढलं एवढंच. वसुली चालू राहते, आणि सिबिलच्या नोंदीत तो डाग दिसत राहतो. कर्ज माफ झालं असेल तर ‘वेव्हड’ असा शब्द असतो, आणि त्याचा लेखी कागद मागून घ्यावा.

मुलांच्या प्रगतिपुस्तकात एक गंमत सापडते. ‘वर्क्स हार्ड’ लिहिलं असेल तर पोर मेहनती आहे, पेढा द्या. ‘हार्डली वर्क्स’ लिहिलं असेल तर ते जवळजवळ कामच करत नाही. शेपूट लागल्यानं अर्थ पार उलटला. ‘कम्स लेट’ म्हणजे उशिरा येतो, पण ‘लेटली ॲबसेंट’ म्हणजे अलीकडे गैरहजर आहे. म्हणजे स्वारी घरातून दप्तर घेऊन निघते ती जाते कुठे, हे त्याच संध्याकाळी विचारायला हवं.